सात पांघरुणांखालचं पोर

दाराला आतून कडी होती आणि दाराबाहेर दोन बायका एकमेकींवर पहारा देत बसल्या होत्या.

एक साठीची, ताठ मानेची. मांडीत सूप, सुपात निवडायची ज्वारी, पण नजर ज्वारीवर नव्हती. दुसरी तिशीच्या आतबाहेरची. चार हात लांब भिंतीला टेकून वाकळ शिवत होती. तिचीही नजर सुईवर नव्हती. मी येता येताच तिनं बोट टोचून घेतलं. दोघी मधून मधून त्या बंद दाराकडं पाहत, मग एकमेकींकडं. मी अंगणात पाऊल टाकलं तेव्हा मात्र दोघींनी मिळून माझ्याकडं पाहिलं. तेवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

"कोण तुमी?" म्हातारीनं विचारलं.

"नर्स. साताऱ्याहून आलेय."

"हितं कोन आजारी न्हाई."

"बाळ बघायला आलेय."

"बाळ दावत न्हाई आमी कुनाला."

"तुमच्या नामदेवानंच पाठवलंय मला."

हे ऐकल्यावर दाराची कडी किंचित वाजली. फट पडली आणि फटीत एक डोळा आला. झाल्या तीन बायका. नाटकाची तिसरी घंटा होते, पडदा हलतो, आणि आपण खुर्चीत सावरून बसतो, तसं मला झालं. खोटं कशाला सांगू, मजा वाटली. ही मजा तासाभरात उतरणार होती, पण ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

लढाईची वर्षं होती. मी साताऱ्यात मिडवाइफ होते. मिडवाइफ म्हणजे शिकलेली सुईण. सुईणीला चोळीचा खण मिळतो, आम्हाला भरायला फॉर्म मिळतात, एवढाच फरक. फौजेत गेलेल्या लोकांच्या घरची विचारपूस करणारं एक ऑफिस होतं. बायकापोरांचं काही असलं की ते दवाखान्यातून मला मागून घेत. ऑफिसात एक पेन्शनीत निघालेले सुभेदारसाहेब बसत. मिशा पांढऱ्या, पण आवाज अजून परेडीवर होता. त्यांनी माझ्यापुढं एक पत्र टाकलं. दूरच्या कुठल्या तरी वाळवंटातून आलेलं, अर्ध्या ओळी सेन्सॉरनं काळ्या केलेल्या. उरलेल्या ओळींत एका शिपायानं लिहिलं होतं की माझी दोन लेकरं घरात मारली, आता तिसरं झालंय, मारणारी माझी थोरली भावजय सोना आहे, सरकारनं चौकशी करून तिला घराबाहेर काढावं.

"बाई, खुनाची केस आहे," सुभेदारसाहेब म्हणाले.

"मग पोलीस पाठवा."

"त्या मुलखात सध्या पोलीस दिसला की लोक उसात पळतात आणि लोक दिसले की पोलीस. पोलिसापुढं कोण तोंड उघडणार?"

"आणि माझ्यापुढं?"

"तुमच्याकडं बघून कोणी पळणार नाही."

हे कौतुक होतं की काय, ते मी अजून ठरवते आहे.

कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या मोटारीनं तासगावला आणि तिथून बैलगाडीनं मी त्या गावी गेले. गावाचं नाव सांगत नाही. ती माणसं अजून आहेत. वाटेत गाडीवानानं तीनदा विचारलं, "बाई, खरं सांगा, कुनाला धराय आलाय?" मी बाळंतपणाची पेटी उघडून दाखवली. कात्री बघून त्यानं बैलांना दामटलं.

तर अंगणातली ती दोन माणसं म्हणजे नामदेवाची आई बायजाबाई आणि त्याची थोरली भावजय सोना. दाराच्या फटीतला डोळा त्याच्या बायकोचा, तानीचा. सोनाचा नवरा माधवनगरच्या गिरणीत कामाला होता, आठवड्यानं घरी येई. बाप्या माणूस घरात नव्हता, त्यामुळं संशयाला मोकळं रान होतं.

मी आधी बायजाबाईंशेजारी बसले आणि सुपातले खडे वेचू लागले. बाईनं काम सुरू केलं की बाईचं तोंड सुटतं, ही आमच्या धंद्यातली पहिली युक्ती.

"मावशी, पोरं गेली कशानं?"

"नजर," बायजाबाई पुटपुटल्या आणि हनुवटीनं सोनाकडं खूण केली. "आठ वरसं झाली, कूस उजवली न्हाई हिची. दुसऱ्याचं भरलेलं बगवंल का? थोरला अडीच महिन्याचा व्हता. सांजच्याला हसला, पाटंला गार. न ताप न खोकला. दुसरा तीन महिन्याचा व्हईत आला व्हता. त्येबी तसंच."

"नजर लागताना पाहिलीत?"

"ह्या डोळ्यांनी. पोर झाकून निजीवलं व्हतं. ही गेली, तोंडावरचं दुपटं काढलं आन् बगत बसली. दुसऱ्या दिशी पोर गेलं. आता नामदेवाचं उत्तर आलं की हिला गाडीत घालून म्हायेरी धाडायची. कायमची."

सोनानं हे ऐकलं होतं. तिनं दोरा दातानं तोडला.

पाणी मागायच्या निमित्तानं मी तिच्या मागं परसात गेले. तिनं तांब्या पुढं केला, मग मागं घेतला. "माज्या हातचं पेलासा तर आत्याबाई तुमास्नी बी आत जाऊ द्याच्या न्हाईत."

मी तांब्या हिसकून घेऊन प्याले. अंगणातून दिसेल अशा जागी उभी राहून प्याले. नाटक करायचं तर पुरतं करावं. मग विचारलं, "दुपटं का काढलंस?"

"घाम आला व्हता त्याला. केस असं चिकटल्यालं कपाळाला. मला बगवंना." तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "तुमी आत्याबाईंची गुटी बगा. पोरं रडू न्हाईत म्हनून त्यात अफू उगाळत्यात असं वाटतं मला. म्या कुनाला बोल्ले न्हाई. बोल्ले तर माजंच नाव व्हईल."

हे मात्र मला पटण्यासारखं होतं. त्या काळी कामाच्या घाईत तान्ह्या पोराला तिळाएवढी अफू चाटवून निजवणारी घरं मी पुष्कळ पाहिली होती. अफूनं पोर निजतं, श्वास मंद होतो, आणि कधी कधी इतका मंद होतो की थांबतो. खुनी सापडला, असं मी मनात ठरवूनच टाकलं. खुनी म्हणजे ज्वारी निवडणारी आजी. काय रंगणार होता माझा रिपोर्ट.

"तानी, दार उघड," मी हाक दिली. "मी एकटीच येते."

"एकटीच या. त्या दोगींतलं कुनी न्हाई पायजे."

आत गेले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. बाहेर भर दुपार, कणसं धरलेल्या शाळवावर ऊन पडलेलं, आणि आत दिवेलागण. खिडकीत गोणपाट कोंबलेलं. खाटेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची आणि उदाची धुरी. बाळंतिणीला सव्वा महिना शेक देतात. इथं दोन महिने झाले तरी शेगडी हलली नव्हती. तानीनं मागं कडी लावली आणि परत जाऊन खाटेवर कुशीवर निजली. वय वीस-एकवीस. डोळ्यांखाली काळं. सलग झोप तिला कित्येक दिवसांत मिळाली नसावी.

"बाळ कुठाय?"

"हाय की."

मला दिसेना. खाटेवर तानी, तानीवर एक जाडजूड घोंगडं. मी घोंगडं उचललं. खाली वाकळ. वाकळेखाली दुसरी वाकळ. तिच्याखाली जुन्या लुगड्याची चौघडी. चौघडीखाली तानीचा दंड आणि दंडाखाली एक गाठोडं. गाठोड्यावर पलटणीतून आलेली लोकरीची पट्टी गुंडाळलेली. आत कुंची, म्हणजे डोक्यापासून पाठीपर्यंत येणारं बाळाचं टोपडं, गळ्याशी बांधलेलं. आणि कुंचीच्या तोंडावर दुपटं. मी मोजली. सात पांघरुणं. सगळ्याच्या खाली सावरीच्या कापसाची मऊ उशी, इतकी मऊ की बाळाचं डोकं तिच्यात खड्ड्यात बसावं तसं बसलं होतं.

दुपटं काढलं. पोर लालबुंद, ओलंचिंब. रडलं नाही. माझ्याकडं पाहिलंही नाही. माझी मजा उतरली ती त्या क्षणी.

गोणपाट उपसून पोराला खिडकीशी नेलं, कुंची सोडली, डोळे तपासले. अफू पोटात गेली की डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी बारीक होते आणि तशीच राहते. ह्याच्या बाहुल्या ठीक होत्या. उजेडात लहान, सावलीत मोठ्या. वारं लागल्यावर तीन-चार मिनिटांत पोरानं अंग ताणलं आणि असा टाहो फोडला की दाराबाहेर दोन्ही पहारेकरी एकदम उठल्याचं ऐकू आलं.

"मारलं का काय?" बायजाबाई बाहेरून ओरडल्या.

"रडतोय म्हणजे जिवंत आहे," मी आतून म्हणाले. नंतर गुटीची पुडी मागवून एकेक काडी हुंगली, चाखली. हळकुंड, मुरुडशेंग, सुंठ, वेखंड. अफूचा वासही नाही. रंगलेला रिपोर्ट पाण्यात गेला.

मग मी तानीला विचारलं, आधीची दोन पोरं सकाळी कुठं सापडली.

"माज्या कुशीतच. हितंच."

"अशीच झाकलेली?"

"थोरल्याला यवढं न्हवतं. थंडी व्हती, घोंगडं व्हतं. तो गेल्यावर समदी म्हनली नजर लागली. म्हनून दुसऱ्याला झाकून ठेवायचो. ह्याला तर म्या कुनाला दिसूच देत न्हाई. झोपले तरी हात काढत न्हाई वरचा. कोन यील, काय करंल." आणि दाराकडं बघत म्हणाली, "दोगींचा बी भरोसा न्हाई."

आता ज्यांना आमच्या कामातलं ठाऊक नाही त्यांना सांगते. मोठ्या माणसाच्या तोंडावर झोपेत पांघरूण आलं तर हात आपोआप ते सारतो. दोन-तीन महिन्यांच्या पोराच्या हातात ती अक्कल अजून आलेली नसते. मान त्याची त्याला धड वळवता येत नाही. नाक चण्याएवढं. बंद पांघरुणात ते आपलाच सोडलेला श्वास परत घेत राहतं, अंग तापत जातं, गुंगी येते. आईचा दंड वरून असला तर विचारायलाच नको. त्यात आवाज होत नाही, धडपड होत नाही. म्हणून तर घरच्यांना वाटतं की कुणीतरी गुपचूप येऊन काहीतरी केलं.

पहिलं पोर कशानं गेलं हे देव जाणे. पण ते गेल्यावर घरात संशय शिरला, संशयापायी पांघरुणं वाढली, दुसरं पोर त्यांच्याखाली गेलं, आणि त्यानं संशय पक्का झाला. आता तिसऱ्यावर सात होती. आणि साऱ्या घरात एकीनंच पोराचं तोंड उघडं केलं होतं, तर तिलाच खुनी ठरवून गाडीत घालायची तयारी चालली होती.

हे तिघींना समजावलं असतं तर तिघींनी माना डोलावल्या असत्या आणि मी वेशीबाहेर पडताच पोर परत घोंगड्यात गेलं असतं. म्हणून मी एक लबाडी केली. ती आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

बायजाबाईंना आत बोलावलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मावशी, माझ्याकडं एक विद्या आहे. ज्या पांघरुणाखाली पोर निजतं त्याखाली घरातल्या वडील बाईनं निजावं. मी शंभर मोजीपर्यंत हलायचं नाही. नजर कुणाची, त्याचं नाव कानात ऐकू येतं."

बायजाबाईंनी दारातून डोकावणाऱ्या सोनाकडं विजयानं पाहिलं आणि लगबगीनं खाटेवर आडव्या झाल्या. मी त्यांच्या तोंडावर पदर ओढला, मग दुपटं, मग चौघडी, वाकळ, दुसरी वाकळ, घोंगडं. कडेनं सगळं नीट खोचलं. तानीला म्हटलं, टाक दंड वरून. सासूवर दंड टाकायची संधी सुनेला रोज मिळत नाही. तिनं चांगला वजनदार टाकला. मी मोजायला लागले. सावकाश.

तिसावर घोंगडं हललं. चाळिसावर आतून काहीतरी हुंकार आला. पंचेचाळिसावर बायजाबाईंनी लाथ मारून सगळा ढीग खाली पाडला आणि उठून बसल्या. तोंड लाल, केस विस्कटलेले.

"नाव ऐकू आलं?" मी विचारलं.

"कसलं नाव? जीव चाललाता माजा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय केलं म्हंजी? फेकून दिलं समदं."

"तुमच्या नातवाला फेकता येतं?"

 बायजाबाई कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "थोरला लय गुनाचा व्हता. त्या राती हूं न्हाई का चूं न्हाई. म्या म्हनले, आज शानं निजलं बाळ."

तानी रडायला लागली. मी कुणालाच गप्प केलं नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, उमगलं. मलाही वाटलं. पण दहा मिनिटांत खिडकीबाहेरून शेजारची एक बाई डोकावली, "काय वं, कोन आलंय?" म्हणत. आणि बायजाबाईंचा हात आपसूक गेला. पोराच्या तोंडावर दुपटं. नुकत्याच गुदमरून उठलेल्या बाईचा हात.

"मावशी."

"आवं, तिची नजर लय वंगाळ हाय," त्या पुटपुटल्या. "कोंदाटतं ते समजलं मला. पर उगडं ठिवून नजर लागली तर काय करायचं?"

भीतीला उत्तर भीतीच्याच भाषेत द्यावं लागतं. त्या भागात एक रीत आहे. ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथं तान्ह्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात. म्हणजे हे टाकलेलं, कुणाचंच नाही. दुसरी कुणी बाई त्याला उचलते आणि आई तिच्याकडून ते मूठभर कोंडा देऊन विकत घेते. आता ते पोर विकतचं; दैवाला वाटतं ह्या घरचं नव्हेच, मग नजर कशावर लावणार. अशा पोराचं नाव कोंडिबा ठेवतात. मी विचारलं, ह्याचं हे का केलं नाही?

"उचलायची कुनी?" तानी म्हणाली. "भरोशाची बाई नगं का?"

"मी उचलते."

सुपातली ज्वारी ओतून त्यात पोराला ठेवलं. गोठ्यामागच्या उकिरड्यावर तानीनं सूप टेकवलं आणि मागं न बघता पाच पावलं गेली. मी पुढं झाले, पदर खोचला, पोर उचललं. बायजाबाई मूठभर कोंडा घेऊन आल्या. "द्या."

"नाही," मी म्हणाले. "मी विकत नाही."

मी पोर खांद्यावर घेतलं.

"उकिरड्यावर टाकलंत, मी उचललं. आता हे माझं. पण मला साताऱ्यात पोर सांभाळायला वेळ नाही, म्हणून तुमच्याकडं ठेवतेय. माझं आहे, तर माझ्या रीतीनं निजेल."

"आसं कवा कुनी केलं न्हाई," बायजाबाई म्हणाल्या.

"मी सरकारी आहे. आता हे पोर सरकारी. सरकारच्या मालाला कुणाची नजर लागते?"

"सरकारला तर लय जनांची नजर लागलीया, बाई," सोना हळूच म्हणाली. त्या दिवसांत ते खरं होतं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

सोनाच्या नवऱ्यानं गिरणीतून सुताच्या गठ्ठ्यांचं एक लाकडी खोकं आणलेलं होतं, त्यात चिंचा ठेवल्या होत्या. ते रिकामं केलं, धुतलं, उन्हात वाळवलं. तळाशी जुनं लुगडं घट्ट दुमडून सपाट अंथरलं. उशी मी सोनाकडून उसवून घेतली. तिचा कापूस पुन्हा भरता येऊ नये म्हणून परसात उडवून दिला. पोर खोक्यात उताणं, नाक आढ्याकडं. छातीपर्यंत एक हलकं पांघरूण, कडेनं खोचलेलं. खोकं खाटेला लागून, तानीचा हात पोचेल असं, पण तानीच्या कुशीत नाही. पाजायला घ्यायचं, पाजून परत ठेवायचं. शेगडी बाहेर. गोणपाट बाहेर.

"आन् तोंड झाकलं कुनी तर?" तानीनं विचारलं.

"त्यावर राखण ठेवणार आहे. ह्या घरात एकच बाई अशी आहे जिनं आजवर पोराचं तोंड उघडं केलं. सोना बघेल."

बायजाबाई उसळल्या. "हिच्या हातात? आवं, मांजराला दूध राखाय बसवताय."

"पोर माझं आहे, मावशी. राखण कुणी करायची ते मी ठरवणार. तुम्ही सोनावर राखण करा. नाही तरी ते तुम्ही करताच."

पोर तेव्हा दोन महिन्यांचं होतं. आधीची दोन्ही तिसरा महिना उलटायच्या आत गेली होती. परत जाताना गाडीवानानं विचारलं, "धरलं का कुनाला?" मी म्हटलं, "धरलं होतं, सोडवून आले."

साताऱ्यात सुभेदारसाहेबांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"ह्यात गुन्हेगाराचं नाव नाही."

"गुन्हेगार नाही, साहेब. सगळ्यांनी मिळून पोराला जपलं. जपता जपता गुदमरवलं."

"हे मी पलटणीच्या गोऱ्या साहेबाला इंग्रजीत कसं लिहू? ब्लँकेटला अटक झाली म्हणून?" मग डोळे बारीक करून म्हणाले, "बाई, त्या सोनाकडचं काही घेतलंत काय?"

"पाणी. एक तांब्या."

त्यांना हसू आलं नाही. कवायतीत वाढलेल्या माणसाला दोष द्यायला माणूस लागतो. शेवटी त्यांनी टेबलावर बोट आपटलं. पोर तीन महिन्यांचं होईपर्यंत नामदेवाला उत्तर जाणार नाही. पोर जगलं तर सोनाविरुद्ध काही नाही असं लिहायचं. पोर गेलं तर फौजदार गावात जाईल. "आणि ज्या बाईनं संशयित बाईच्याच हाती पोर दिलं, तिचा जबाब पहिला होईल."

मी हो म्हटलं. आणि पुढचे दिवस माझीही झोप गेली. कारण खरं सांगायचं तर पोर कशानंही जाऊ शकत होतं. काही पोरं नीट निजवलेली असून जातात. डॉक्टरलोकही तिथं हात टेकतात. मी दगावण्याच्या वाटा कमी केल्या होत्या, बंद केल्या नव्हत्या.

तीन महिने उलटले त्या आठवड्यात मी कळवल्याशिवाय पुन्हा गेले. संशयाची सवय मलाही लागली होती. मला ते घर तयारीनिशी बघायचं नव्हतं.

अंगणात कोणी नव्हतं. दार सताड उघडं. खोलीत उजेड होता, खिडकीत वारं होतं, खाटेशेजारी खोकं होतं, आणि खोक्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाड लुगडं टाकलेलं होतं. आतून काही आवाज नाही.

माझे पाय उंबऱ्यावरच राहिले. तेवढ्यात मला ढकलून सोना आत शिरली, ओल्या हातांनी, चूल सारवता सारवता उठलेली. तिनं लुगडं एका हिसक्यात ओढलं. खोक्यात पोर उताणं पडून आपली मूठ चोखत होतं. गुबगुबीत. माझ्याकडं बघून त्यानं मूठ काढली आणि परत घातली.

"कुनी टाकलं ह्ये?" सोनानं विचारलं. ती ओरडली नाही, पण भांडी घासणारी तानी परसातून धावत आली.

दाराआड बायजाबाई उभ्या होत्या. "म्या टाकलं," त्या म्हणाल्या. माझ्याकडं वळून, जरा वरमून, "गाडीतनं उतरताना बगितलं तुमास्नी. तुमी बिनलग्नाच्या. पोर गोड दिसतंय. तुमची बी नजर लागंल की वं."

मला हसू फुटलं. मी उंबऱ्यावर बसले.

सोना हसली नाही. "आत्याबाई," ती म्हणाली, "पुन्यांदा ह्याचं तोंड झाकलंसा तर म्या ह्याला घिऊन माधवनगरला ऱ्हायला जाईन."

आठ वर्षांत त्या घरात सोनानं सासूला असं काही म्हटलेलं नसावं. बायजाबाईंनी तानीकडं पाहिलं, आधाराला. तानी म्हणाली, "मी बी जाईन अक्कांसंगं."

बायजाबाई चुलीकडं गेल्या आणि माझ्यासाठी चहा केला. गुळाचा. सोनाच्या हातून पाठवला.

सुभेदारसाहेबांनी गोऱ्या साहेबाला काय लिहिलं ते मला कधी दाखवलं नाही. पण सोना माहेरी गेली नाही. लढाई संपल्यावर नामदेव घरी आला तेव्हा पोरगं अंगणात कोंबड्यांमागं पळत होतं आणि पाय घसरला की सोनाला हाक मारत होतं. तो भावजयीशी कित्येक महिने धड बोलला नाही, असं तानीनं मला सांगितलं. मारलं नाही म्हणून माफ करणं सोपं. आपण खोटा आळ घेतला म्हणून माफी मागणं अवघड.

बायजाबाईंना शेवटपर्यंत खात्री होती की नातू जगला तो सरकारी झाल्यामुळं. उघड्या नाकाचा काही संबंध नाही. मी वाद घातला नाही. तानीला पुढं दोन पोरं झाली, दोन्ही त्याच खोक्यात निजली, आणि कोणत्या कारणानं निजली ते विचारायला मी गेले नाही.

मी मात्र त्यानंतर कामाची पद्धत बदलली. नवीन घरात शिरले की आधी बाळाचं अंथरूण उचलते, मग माणसांची चौकशी करते. माणसांना थांबता येतं.